साहेबांचे पाणी

माझ्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, लग्न केले नाही. इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर सारी नोकरी काढली आणि निवृत्त होताना तिथून एकच वस्तू मागून आणली: कोपऱ्यातले मॉन्स्टेराचे झाड. सुपाएवढी कातरलेली पाने, काठीला बांधलेला मनगटाएवढा दांडा. ऑपरेटर बायका त्याला ‘साहेब’ म्हणत. खोलीतली सगळ्यात चांगली जागा अडवतो आणि काम काडीचे करत नाही, म्हणून.

बोर्डावर चौघी पाळीने बसत. साहेबांना पाणी कोणी घालायचे यावरून आधी भांडणे झाली, मग एक रीत पडली. जिची पाळी संपली तिने मातीत बोट खुपसून पाहायचे, कोरडी लागली तरच पाणी घालायचे, आणि खुर्ची सोडताना पुढचीला सांगायचे, “पाणी झालं.” मग ती हात लावत नसे. पुढे पुढे ‘येते’ म्हणण्याऐवजी त्या एवढेच म्हणू लागल्या.

आमच्या घरीही वन्सं निजायला जाताना तेच म्हणत. माझे यजमान चेष्टा करत, “ताई बोर्डावरून उतरली, पण बोर्ड काही तिच्या डोक्यातून उतरत नाही.”

ते गेले. घरात आम्ही दोघी आणि साहेब उरलो. वन्संना विसर पडू लागला तो त्यानंतर. आधी गॅस, मग चष्मा, मग माझ्या मुलीचे नाव. पाने पुसायला मात्र त्या विसरत नसत. एकेक पान तळहातावर तोलून धरत आणि ओल्या फडक्याने, लहान मुलाचे तोंड पुसावे तसे पुसत. डॉक्टर म्हणाले, हाताला वळण पडलेली कामे करू द्या, तेवढाच आधार. म्हणून मी झाडाला हात लावत नसे. ते आहे तोवर वन्सं आहेत, असे मी मनाशी धरून बसले होते.

मग पाने पिवळी पडू लागली. माळ्याला बोलावले. त्याने बुंधा दाबला तर बोट आत गेले.

“आजी, पाजून पाजून मारलंय याला. मुळं कुजलीत. वास घ्या.”

“वन्सं, पाणी किती वेळा घालता हो?”

“माझ्या पाळीला एकदाच,” त्या दुखावून म्हणाल्या. “पण ठेंगी आज आली नाही. बडबडीचाही पत्ता नाही. मोठ्या बाईंची तब्येत तर तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांच्या पाळ्या कोण करणार, वहिनी? तुम्ही?”

“मातीत बोट घालून पाहिलंत का?”

“ते जिची पाळी तिनं पाहायचं.”

बोर्डावरच्या त्या तिघीही केव्हाच वारल्या होत्या. तिघींना पोचवायला मी वन्संबरोबर गेले होते.

माळ्याने वरचा एक धड तुकडा पेरासकट कापून पाण्याच्या बरणीत ठेवला. “मूळ फुटलं तर फुटलं,” म्हणाला. बरणी मी माझ्या खिडकीत, वन्संच्या नजरेआड ठेवली. पाणी बदलत राहिले. पेर तपकिरी झाले, मग बुळबुळीत. एका सकाळी पान मान टाकून पडले होते.

मुलगी फोनवर म्हणाली, “अगं, नवं आण ना. आत्याला काय कळणार आहे?”

आणले. वन्संनी पान चाचपले आणि हात मागे घेतला. “हे कोण? आमच्या साहेबांच्या जागेवर कोणी बसवलं यांना?” दिवसभर जेवल्या नाहीत. मी ते परत पाठवले.

आता कुंडीत काठी आहे आणि तिला सुतळीचे तुकडे. वन्सं फडके घेऊन येतात, थोडा वेळ हवेत हात फिरवतात, मग काठीच पुसून काढतात. पाणी घालतात, कुंडीखालची थाळी भरून वाहते, मी फरशी टिपते. पण अलीकडे घातल्याचे सांगत नाहीत. काल निजायच्या वेळी मीच त्यांच्या पलंगाशी गेले आणि म्हटले, “वन्सं, पाणी झालं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. अगदी सभ्यपणे, बोर्डावर अनोळखी माणसाशी बोलत असतील तसे, विचारले, “कोणाचं पाणी, बाई?”