तामूच्या पोटात झोपलेला जवाद

जेलाब्याच्या, म्हणजे अंगभर लांब झग्याच्या, गुंड्या वळणाऱ्या बायका सफ्रू गावात शेकड्यांनी आहेत, पण तामूची गुंडी दुकानदार न विचारता ओळखायचे. रेशमाचे चार वेढे, सुईचा एक हिसका, की वाटाण्याएवढी घट्ट गुंडी मांडीवर पडायची. बोटं चलाख आणि अंगाने काडी. हे काडी असणंच तिच्या सासूला, मन्नानाला, खुपायचं. "सून आणली की काठी आणली?" असं ती लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी पाहुण्यांदेखत म्हणाली होती. दोन वर्षं पाळणा हलला नाही, तेव्हा तिने निकाल दिला की असल्या वाळक्या अंगात काही धरायचं नाही, आणि मुलाला, अल्लालला, जडीबुटी विकणाऱ्या अत्ताराकडे पिटाळलं. अल्लाल ऑलिव्हच्या घाण्यावर कामाला होता. सगळं गाव त्याला गरीब स्वभावाचा म्हणायचं. त्याने मध, मेथी आणि बदामाचं काळपट चाटण आणलं. रोज सकाळी दोन चमचे घ्यायचे.

चाटण अंगी लागलं. वर्षभरात तामूचा चेहरा भाकरीसारखा गोल झाला, मानेमागे मांसाचा गोळा आला आणि पोट पुढे आलं. हातपाय मात्र होते तसेच काटकुळे राहिले. पाळी आधी मागेपुढे झाली, मग बंदच पडली. शेजारणींनी बोटांवर महिने मोजले. मन्नानाने बाळंतिणीसाठी पीठ भाजून, बदाम घालून डबा भरून ठेवला. नववा महिना गेला, अकरावा गेला, पीठ खवट झालं आणि कोंबड्यांपुढे गेलं.

मग सुईण हादाला बोलावलं. तिने पोट चाचपलं, कान लावला आणि म्हणाली, "मूल आहे. झोपलंय. पोटात थंडी शिरली असेल. उठेल तेव्हा उठेल, घाई करू नका. माझ्या मावशीच्या पोटात चार वर्षं झोपलं होतं."

आमच्याकडे यावर कुणी हसत नाही. नवरा परमुलखात असलेल्या किती बायकांची अब्रू या झोपलेल्या पोरांनी वाचवली आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मन्नानाने शेजारच्या भलील गावची एक मुलगी अल्लालसाठी हेरून ठेवली होती, तो विषय तिने बंद केला. ताटातला मांसाचा पहिला तुकडा तामूपुढे येऊ लागला. पोराचं नावही ठरलं, जवाद. संध्याकाळी घाण्यावरून आल्यावर अल्लाल हात धुऊन तिच्या पोटावर ठेवायचा आणि म्हणायचा, "जवाद, यंदा ऑलिव्ह चांगलं आलंय बरं का." बायकोशी तो दिवसात चार शब्द बोलायचा, पोटाशी चाळीस. आपण या घरात आहोत ते या पोटामुळे, हे तामूला पक्कं कळलं होतं. चाटण चुकायचं नाही. बरणी संपायच्या आत अल्लाल नवी आणायचा.

अशी सहा वर्षं गेली. पोटावर जांभळे चरे उमटत गेले. कुणी नुसतं दंडाला धरलं तरी निळं पडायचं. हम्माममध्ये, गावच्या न्हाणीघरात, बायका तिच्या पोटावर हात फिरवून तो स्वतःच्या सुनांच्या पोटाला लावायच्या, आणि पाठ वळली की एकमेकींना कोपर मारायच्या. एका हिवाळ्यात खोकता खोकता तिची बरगडी मोडली. खोकल्याने बरगडी मोडते, हे तिच्या भावजयीला, शामाला, काही पटेना. रेशीम आणण्याचं निमित्त करून तिने तामूला फेझच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, फोटो काढले, आणि काय काय खातेस ते विचारलं. दुसऱ्या खेपेला तामूने जेलाब्याआड बरणी नेली.

"पोटात मूल नाही, बाई. कधी नव्हतंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या चाटणात गोळ्या कुटून घातल्यात. अंगातल्या ग्रंथी जो रस थोडा थोडा करतात, तोच तू चमच्याने खातेयस. त्यांनी काम सोडून दिलंय. म्हणून हे पोट, आणि म्हणून पाळी गेली. उपाशी राहून हे उतरायचं नाही. असंच चाललं तर हाडांचा भुगा होईल आणि एखादा साधा ताप तुला घेऊन जाईल. पण एकदम सोडू नकोस, त्यानेही जीव जातो. मी गोळ्या देते, त्या हळूहळू कमी करायच्या."

"आणि पोट?" तामूने विचारलं.

"जाईल की. वर्षभरात जाईल."

तामू रडायला लागली. डॉक्टरीणबाईंना वाटलं, आनंदाने रडतेय. पोट उतरवायला त्यांच्या दारात बायका रांगा लावत होत्या, त्यांना दुसरं काय वाटणार?

तिला जगायचं होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. चाटण रोज मोरीत आणि डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चोरून पोटात जाऊ लागल्या. चेहरा उतरू लागला, तेव्हा दाढ दुखते असं तिने सांगितलं. पोट उतरू लागलं, तेव्हा तिने कापडाच्या घड्या पोटाला बांधल्या. दर आठवड्याला एक घडी वाढायची. गोळ्या सुरू झाल्यापासून दहाव्या महिन्यात, सात वर्षांनी, तिला पाळी आली. मोरीच्या भिंतीला टेकून ती कितीतरी वेळ हसत होती. आता खरं मूल होऊ शकेल. अल्लालला आधी सांगायचं, सासूला मागाहून, असं तिने ठरवलं.

पण त्या दिवशी धुणं मन्नानाने हातात घेतलं. रक्ताचा कपडा पाहून ती ओरडली नाही. सरळ आली आणि तामूच्या पोटावर हात घातला. घड्या तिच्या मुठीत आल्या. मग मात्र तिने असा टाहो फोडला की गल्ली गोळा झाली. हादाही आली.

"जागं झालं असेल," हादा म्हणाली. "खायला मिळालं नाही. गेलं."

"लल्ला, ते चाटण विष होतं," तामू सासूला म्हणाली. "दवाखान्याचा कागद आहे माझ्याकडे, वाचून घ्या कुणाकडून तरी."

"सहा वर्षं मांसाचा पहिला तुकडा दिला मी," मन्नाना म्हणाली. "तुला नाही, त्याला. तो तू गिळलास, आणि त्यालाही गिळलंस."

अल्लाल घाण्यावरून धावत आला. तामूने त्याचा हात धरला. "डॉक्टरीण म्हणाली, आता मूल होऊ शकतं. ऐकतोस ना? आपलं मूल."

अल्लालने तिच्या कमरेकडे पाहिलं, जमलेल्या लोकांकडे पाहिलं. "माझा मुलगा कुठाय?" तो म्हणाला, आणि ढसाढसा रडला. त्याच्याबरोबर सारी गल्ली रडली.

तो रक्ताचा कपडा पांढऱ्या कापडात गुंडाळून रीतसर पुरला. वीतभर कबर झाली. काझीच्या कचेरीत तलाक झाला. तामू भावाकडे परत आली आणि गुंड्या वळत बसली. हम्माममध्ये बायका आपल्या बादल्या तिच्यापासून लांब सरकवायच्या. मग त्यांतलीच एखादी बाहेर गाठून हळूच विचारायची, "पण काय गं, पोट कशाने उतरवलंस तेवढं सांग ना." चौतिसाव्या वर्षी तिची कंबर मुठीत मावेल अशी झाली होती आणि तिच्याकडे कुणी स्थळ आणत नव्हतं. अल्लालने मात्र भलीलच्या मुलीला नकार दिला. मुलाचं दुःख उरात घेऊन बसलाय बिचारा, असं लोक कौतुकाने म्हणायचे.

आशुराच्या दिवशी, मोहरमच्या दहाव्या तारखेला, कबरींवर पाणी शिंपडायला सगळं गाव जातं. तामू आईच्या कबरीसाठी तांब्या घेऊन गेली. वाटेत ती वीतभर कबर लागली आणि अल्लाल तिथे एकटाच उभा होता.

"यात काय आहे ते तुला माहीत आहे, अल्लाल."

त्याने आजूबाजूला पाहून घेतलं. "माहीत आहे. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मीच फेझला तपासून आलो होतो. दोष माझ्यात आहे. मला मूल होणार नाही."

"मग ते चाटण?"

"अत्तार म्हणाला, खाईल तोवर पोट राहील."

"माझी हाडं गेली त्यात."

"ते त्याने सांगितलं नाही." मग म्हणाला, "मी विचारलंही नाही."

"मी सांगेन सगळ्यांना."

"सांग की," तो म्हणाला. रागाने नाही, वाट समजावून सांगावी तसं. "माझा मुलगा पुरलाय इथे. गावाने माती दिलीय त्याला. तुझं कोण ऐकणार?"

तेवढ्यात पाच-सहा बायका जवळ आल्या. अल्लालने दोन्ही तळवे वर करून डोळे मिटले. हादा त्यांच्यात होती. "अल्लाह तुला धीर देवो, बाळा," ती त्याला म्हणाली, आणि तामूकडे वळली. "उभी काय राहिलीस? हातात तांब्या आहे ना? आजच्या दिवशी तरी पोराला पाणी घाल."

तामूने तोंड उघडलं. बायका बघत होत्या. एकीने जमिनीवरचा दगड पायाने उगीच इकडचा तिकडे केला. तामूने तोंड मिटलं आणि तांब्या वाकवला. हादाने तिचं मनगट धरलं आणि तांब्या पुरता रिकामा होईपर्यंत सोडलं नाही. आईच्या कबरीवर घालायला पाणी उरलं नाही.