अध्यक्षाबाईंची सही

इंग्रजी फॉर्म भरायचा असला की आमच्या मराठी मंडळाला माझी आठवण येते. मी गॅस कंपनीत सुरक्षेच्या नियमावल्या लिहितो. म्हणजे कुणीही वाचणार नाही असा मजकूर निर्दोष इंग्रजीत उतरवण्याचा मला दोहात बारा वर्षांचा सराव आहे. त्यामुळे मंडळाचे सेक्रेटरी लॅपटॉप घेऊन घरी आले तेव्हा मी आधी चहा टाकला आणि मग संशय घेतला.

परदेशातलं एक फाउंडेशन वांशिक समता आणि स्त्री-पुरुष समता यांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थांना अनुदान देणार होतं. इथल्या एका परवाना असलेल्या संस्थेमार्फत ते मिळणार होतं.

"आपण हे काम कधीपासून करतो?" मी विचारलं.

"असं काय करता? ताईंचा क्लास आहे ना!"

ताई म्हणजे लातूरकडच्या एक नर्स. अल नस्र भागात चार नर्स मिळून राहतात त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये त्या दर शुक्रवारी दुपारी घरकाम करणाऱ्या बायकांना बोलण्यापुरतं इंग्रजी आणि नोकरीचा करार वाचायला शिकवत. नेपाळच्या, केनियाच्या, श्रीलंकेच्या, दोघी आपल्या बीडच्या. आमच्या मंडळाने या कार्यात एक जुना फळा दिला होता आणि त्याच्यापेक्षा मोठा बॅनर.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता : संस्थेचं नेतृत्व कोण करतं? सेक्रेटरींनी एका ओळीत ताईंना अध्यक्ष करून टाकलं. गावाकडे राखीव जागेवर बायको निवडून येते आणि हार नवरा घालून घेतो. ही पद्धत आम्ही सामानात बांधून विमानातून आणली होती, कस्टमवाल्यांनीही अडवली नव्हती.

अनुदानातून काय करायचं हेही ठरलेलं होतं. 'नेतृत्वविकास शिबिर', द पर्ल या श्रीमंत वस्तीतल्या हॉलमध्ये, जेवणासह. ज्या बायकांना आठवड्यातून एक दुपार सुट्टी मिळते त्या तिथे कशा पोचणार, हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता.

शुक्रवारी क्लास सुटल्यावर आम्ही सही घ्यायला गेलो. खरं सांगतो, मला ताईंचाही संशय होता. पद म्हटलं की भल्याभल्यांची मान ताठ होते. त्यांनी फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. माझं लिखाण एवढं लक्ष देऊन वाचणारं माणूस मी प्रथमच पाहत होतो.

"सर, तुम्ही मला अध्यक्ष करायलाव, का माझ्या नावाचा शिक्का करायलाव?"

"अहो ताई, काहीतरीच काय! फक्त फॉर्मॅलिटी आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"मग शिबिर खोडा अन् गाडी लिहा."

गाडीचं कारण मला माहीत होतं. बायका लांबच्या अल अझीझिया भागातल्या बंगल्यांमधून येत. गेल्या महिन्यात टॅक्सी मिळाली नाही म्हणून दोघींना परतायला सात वाजले. त्यांच्या मॅडमने शुक्रवारची सुट्टीच बंद केली. बाकीच्या आता घाबरून होत्या. अजून चारपाच जणी गळाल्या असत्या तर क्लास खलास.

"गाडीला कोण अनुदान देतं?" सेक्रेटरी म्हणाले. "आणि हे वंशाचंही काहीतरी हवं. आपल्याकडे कुठे असलं काही?"

"कामाच्या जाहिरातीत 'फिलिपिनोच पाहिजे' लिहितेत, ते काय असतंय मग? काम तेच, पासपोर्ट बघून पगार. ते लिहा की."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन काढलं. सहीशिवाय फॉर्म जाणार नव्हता आणि सही करणारी व्यक्ती आम्हीच नेमली होती.

अनुदान मंजूर झालं. शुक्रवारपुरती, ड्रायव्हरसह भाड्याची व्हॅन. पत्र वाचताना मला पहिल्याच पानावर बरं वाटू लागलं, म्हणून मी दुसरं पान उलटलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना फाउंडेशनचं चिन्ह हवं होतं आणि खाली 'वांशिक आणि स्त्री-पुरुष समतेसाठी', इंग्रजीत आणि अरबीत, वीस पावलांवरून वाचता येईल एवढं.

"देणाऱ्याचं नाव नको का?" सेक्रेटरी म्हणाले. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवणारी आपली माणसं. त्यांना यात गैर काय दिसणार?

पत्रासोबत आलेलं गाडीचं चित्र मी ताईंना फोनवर दाखवलं. ते बघून त्यांनी फोन खाली ठेवला. "काका, ही गाडी बंगल्याच्या गेटवर उभी राहिली तर मॅडम काय म्हणेल? माझ्या मोलकरणीला कोण शिकवायलंय म्हणेल. गाडी यायच्या आधी सुट्टी जाईल."

"काका" हे जरा लागलं, पण मुद्दा बिनतोड होता.

"ताई, हट्ट करू नका, हातातलं जाईल!" सेक्रेटरी कळवळले.

"जाऊ द्या. पत्र लिहा काका."

मी कृतज्ञता, संवेदनशीलता, स्थानिक संदर्भ अशी चांगली पानभर मांडणी केली. ताईंनी त्यातल्या तीन ओळी ठेवल्या. आम्ही आभारी आहोत. गाडीवर काही लिहिलं तर बायका गाडीत बसणार नाहीत. बायका बसणार नसतील तर गाडी नको. खाली सही, अध्यक्ष.

अकरा दिवस उत्तर नव्हतं. सेक्रेटरी रोज फोन करून मला ऐकवत होते, जणू तिन्ही ओळी माझ्याच. बाराव्या दिवशी कळलं : चिन्ह नको तर नको, पण अहवालासाठी गाडीत बसणाऱ्या बायकांचे हसरे फोटो पाठवावेत. ताईंनी रिकाम्या गाडीचा फोटो पाठवला. त्यावर अजून कुणी काही बोललेलं नाही. मला ही शांतता आवडत नाही.

पहिल्या शुक्रवारी मी बरोबर गेलो. गाडी गेटपासून लांब, किराणा दुकानाजवळ उभी केली होती. बायका एकेक करून आल्या आणि बसल्या. सुट्टी बंद झालेल्या दोघी मात्र आल्या नाहीत. शेवटी एक केनियाची बाई आली. ती बसली नाही. गाडीभोवती फिरून तिने आधी एक बाजू पाहिली, मग दुसरी. मागचं दारही पाहिलं. कुठेच काही लिहिलेलं नव्हतं.

"सहाच्या आत परत?" तिने इंग्रजीत विचारलं.

"पावणेसहाला," ताई म्हणाल्या.

तिने ड्रायव्हरलाही तेच विचारलं, त्याच्याकडून तेच ऐकलं आणि मगच ती चढली.