बांध कोण फोडतंय?

मॅलाकी माझा धाकटा भाऊ. सत्तरी ओलांडली, पण सगळ्या आयर्लंडात असा हट्टी म्हातारा शोधून सापडायचा नाही. आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या दलदलीतली काळी, जळाऊ माती कापली, विटांसारखी वाळवली आणि चुलीत जाळली. माती कापायची तर आधी पाणी काढून द्यावं लागतं. त्यामुळे चालता यायला लागल्यापासून बापाने आम्हाला चर मोकळे करायलाच शिकवलं. कुठे पाणी तुंबलेलं दिसलं की आम्हाला चैन पडायचं नाही.

आणि याच माणसाने म्हातारपणी चर बुजवायला घेतले. दलदल ओली राहिली तर शेवाळ पुन्हा धरतं, आणि शेवाळ धरलं की कर्ल्यू पक्षी घरटं करायला परततो, असं त्याच्या कानावर आलं होतं. लहानपणी त्या पक्ष्याच्या शिट्टीने आम्हाला जाग यायची. पुढे तो दिसेनासाच झाला. मरायच्या आत ती शिट्टी एकदा ऐकायची, एवढंच मॅलाकीने मनात धरलं. कापणी बंद केली, चरांना मातीचे बांध घातले. मला तर संतापच आला. हिवाळ्यात शेकायचं कशावर, याच्या शेवाळावर?

पण मोठ्या चराचा बांध काही टिकेना. जाऊन बघावं तर पाणी वाहून गेलेलं, शेवाळ सुकून पांढरं पडलेलं. पलीकडे अजून माती कापणारा पॅकी टायनन हाच फोडतो म्हणून मॅलाकीने त्याच्याशी बोलणं टाकलं. मला ते पटेना. पॅकी एक नंबरचा आळशी, स्वतःचा चर साफ करत नाही, तो आमचा कशाला उकरेल?

शेवटी एका सकाळी मी झुडपाआड दबा धरून बसले. गुडघे बोंबलत होते, पण राहवतंय कुणाला? थोड्या वेळाने मॅलाकीच आला. बांधावर उभा राहून, मान वर करून पक्षी शोधायला लागला. आणि खाली त्याच्या बुटाची टाच बांध उकरत होती, अगदी बापाने शिकवलं होतं तशी. पाणी सुटलं तरी याला पत्ता नाही.

मी सांगितलं तर तो उखडला. मग चिखलाने भरलेल्या टाचेकडे बघितलं आणि मटकन खाली बसला.

"मी पॅकीला काय काय बोललो गं," तो म्हणाला.

"पॅकीचं नंतर बघू. या पायांचं काय करायचं ते बोल."

त्याने पॅकीची माफी मागितली आणि दलदलीत उतरणं सोडलं. तेव्हापासून तो रस्त्यावरच्या फाटकाशी थांबतो आणि मी आत जाते. यंदाच्या वसंतात हिरव्यागार शेवाळावरून शिट्टी आली. फाटकाशी उभ्या त्याच्या म्हाताऱ्या कानांना ती ऐकू येत नाही. मी हात करून त्याला बोलावलं, पण त्याने फाटक घट्ट धरून मानेनेच नाही म्हटलं. मला रडूच आलं. मग मी फाटकाशी परत गेले आणि कवळीतून त्याला ती शिट्टी वाजवून दाखवली.

"शेवटाला सूर वर चढतो तिचा," मॅलाकी म्हणाला. "जा, पुन्हा ऐकून ये."