सासूबाईंची मिसरी आणि माझे खराब फोटो

आधी माझी घोडचूक सांगून टाकते, कारण माझी नात मला फार हुशार समजायला लागली आहे. तोंडाचा कॅन्सर वेळेत ओळखायला मी कॉम्प्युटरला शिकवत होते, आणि ज्या बायकांना त्याचा धोका सगळ्यांत जास्त, नेमके त्यांचेच फोटो मी बाजूला फेकले. का, तर ते मला घाण दिसले.

तेव्हा मी पन्नाशीत होते, म्हणजे आताच्या मानाने कोवळीच. आठवडाभर पुण्यात वैद्यकीय फोटोंवर संशोधन करायचं आणि शनिवारी वारूळवाडीला घरी यायचं. डॉक्टरीण नव्हे हं. पेशंटला हात न लावता त्याच्या फोटोकडे टक लावून बसणारी. तोंडाच्या आतले फोटो जमवायचे, दातांच्या डॉक्टरांकडून त्यांवरचे संशयाचे चट्टे आखून घ्यायचे आणि पोराकडून पाढे घोकून घ्यावेत तसे ते कॉम्प्युटरकडून घोकून घ्यायचे.

कळंबच्या, मढच्या तोंड तपासायच्या शिबिरांत मी स्वतः मोबाइल घेऊन उभी असायचे. बायका चूळ भरून यायच्या, तरी कितीतरी जणींची तोंडं काळीच. मिसरी ती! तव्यावर जाळलेल्या तंबाखूची पूड दाताहिरड्यांना वर्षानुवर्षं चोळलेली, एका चुळीनं थोडीच जाते? असा फोटो आला की मी नाक मुरडायचे आणि तो ‘खराब’ नावाच्या फोल्डरमध्ये ढकलायचे. उरलेल्या गुलाबी, लख्ख तोंडांवर कॉम्प्युटर शिकला आणि परीक्षेत पहिला आला. परीक्षेतली तोंडंही गुलाबीच होती. पेपर मीच काढलेला ना!

हा विद्वान मोबाइलमध्ये भरून मी घरी आले. सासूबाई ओसरीवर बसून बोटानं मिसरी लावत होत्या. शेजारीणही होती, म्हणजे मिरवायला प्रेक्षकही मिळाला.

“आत्या, आ करा बरं.”

“का गं? दात मोजतीस व्हय? उरलेत तेवढे माझेच हायेत.”

फोटो काढला. लगेच हिरवी खूण आली.

“काय म्हणतंय त्ये?” शेजारणीनं मान पुढे काढली.

“सगळं ठीक आहे म्हणतंय,” मी ऐटीत सांगितलं.

सासूबाईंनी बोटावरची उरलेली मिसरी निवांत हिरडीला लावली. “ऐकलंस? ऊठसूट माझ्या मागं लागतीस, मिसरी सोडा, मिसरी सोडा. तुझंच मशीन माझ्या बाजूचं निघालं.”

“मंग मलाबी दे चिमूटभर,” शेजारीण म्हणाली.

पुढच्या खेपेला आले तोवर माझ्या मशिनची कीर्ती आळीभर झाली होती. मिसरीनं काही होत नाही, पुण्याच्या मशिनीनं सांगितलंय! मी कपाळाला हात लावला, पण मनातून थोडी सुखावलेही. खोटं कशाला बोलू?

जेवायला बसलो तर सासूबाईंनी ठेचा बाजूला सारला. ठेच्याशिवाय भाकरीचा तुकडा न मोडणारी बाई दुधात भाकरी कुस्करत होती.

“ठेचा का नको, आत्या?”

“झोंबतोय. लई तिखट केलाय.”

ठेचा मी केला होता, आणि माझा ठेचा आजवर कुणालाही झोंबलेला नाही. मी उठले, त्यांना तोंड चांगलं घासून धुवायला लावलं आणि बॅटरी घेऊन आत पाहिलं. एका गालाच्या आत, मिसरी दाबून धरायच्या जागी, पांढरा चट्टा होता. मी आरसा धरून तो त्यांना दाखवला.

“मशीन तर ठीक म्हणलं व्हतं,” त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. त्यांच्या तोंडून टोमण्याशिवायचं वाक्य मी क्वचितच ऐकलं होतं.

चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत त्या शेजारणीशी एकदाही भांडल्या नाहीत, यावरून काय ते समजा. मी पुण्यात ‘खराब’ फोल्डर उघडून बसले. त्या काळ्या तोंडांत, डोळे फाडून पाहिलं की, तसेच पांढरे चट्टे दिसत होते. मी कॉम्प्युटरला त्यांतलं एकही तोंड दाखवलं नव्हतं. त्या बिचाऱ्याला काळ्यातलं काय कळणार?

रिपोर्ट आला. कॅन्सर झालेला नव्हता, पण चट्टा त्याच वाटेला लागला होता. डॉक्टरांनी तो काढून टाकला आणि मिसरी कायमची बंद असं बजावलं. घरी आल्यावर मी त्यांच्यापुढे बसून सगळं कबूल केलं, अगदी नाक मुरडल्यासकट. टाक्यांनी गाल सुजलेला, शब्द अर्धेमुर्धे. तरी त्यांनी कनवटीची मिसरीची डबी काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या,

“ही घे. अन् त्या मशिनला आधी आमची तोंडं दाखव. समद्या बायांना तुझ्यासारखी भोचक सून मिळत न्हाई.”