वाट चुकणारे सर

माझा मुलगा लाजाळू. कुणी नाव विचारलं तरी उत्तर मीच द्यायचो. म्हणून त्याच्या स्काऊटच्या सहलीला मीही सोबत गेलो.

लोह्याजवळच्या माळावर पांढऱ्या मिशांचे स्काऊटचे सर पुढं चालत होते. एका लिंबाखाली थांबून त्यांनी डोकं खाजवलं. "पोरांनो, मी वाट चुकलो की रे!"

पाणी संपत आलेलं, मी घाबरलो. पोरांनी मात्र सूर्य बघितला, बैलगाडीची चाकोरी शोधली. सर सावलीत निवांत शेंगा फोडत बसले. अर्ध्या तासात पोरांनी आम्हाला डांबरी रस्त्याला लावलं.

परतीच्या बसमध्ये मी चिडून म्हणालो, "सर, तीस वर्षं पोरं घेऊन फिरता, अन् वाट सापडत नाही?"

"सापडती की. पण मी पुढं चाललो की पोरं माझी पाठ बघत्यात. मी चुकलो की रस्ता बघत्यात." मग मिशीत हसले. "दरसाली त्याच लिंबाखाली चुकतो. सावली लई गार हाय."

नांदेडला उतरलो. समोरच ऑटोंची रांग होती. सरांनी माझ्या मुलाला विचारलं, "बाळा, ऑटो कुठं मिळंल रं?"

सवयीनं माझंच तोंड उघडलं, तोच सरांचा बूट माझ्या पायावर पडला.