कातड्यावरचं तरवडाचं फूल

चामड्यावर नक्षी काढायला मला कुणी शिकवलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. उलटं सांगणारे मला फार भेटले, आणि त्यातला पहिला तर रोज माझ्या डब्यातली भाजी खाणारा होता.

मी शिकलो नांदेडला, एका फाटक्या पुस्तकावरून. तेव्हा तिथल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो, लग्न व्हायचं होतं, खोलीवर एकटाच राहायचो. रद्दीच्या दुकानात किलोवर विकायला आलेल्या ढिगात ते इंग्रजी पुस्तक सापडलं. पहिली काही पानं गायब. आत घोड्यांची खोगिरं, कमरेचे पट्टे, पाकिटं, आणि त्यांवर उठावाची फुलं, पानं, वेली. कातड्यावर असं फूल काढता येतं हे मला माहीतच नव्हतं. आमच्या घरी कातड्याचा एवढाच अर्थ होता, की ते आता आपण ओढत नाही.

हे नीट सांगायला हवं. आमचं गाव मुखेडकडचं. मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून न्यायचं, सोलायचं, हे काम पिढ्यानपिढ्या आमच्या माथी होतं. बानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून मेल्या जनावराला हात लावला नाही. बोलायला सोपं आहे. पुढं मोठा दुष्काळ पडला तेव्हा माळावर रोज ढोरं मरून पडायला लागली, वास सुटला, आणि गावातली चार शहाणी माणसं आमच्या दारात येऊन उभी राहिली. आधी गोड बोलून झालं, मग दम देऊन झालं. बा एवढंच म्हणाला, "तुमची ढोरं, तुमी वढा."

गावानं आमच्या वस्तीला विहिरीवर फिरकू दिलं नाही. बा आणि माय दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडायचे, तिथं वाटली जाणारी सरकारी सुकडी खायचे आणि येताना लांबून पाणी आणायचे. मी नांदेडला शिकत होतो. सुट्टीत घरी गेलो तर बाचे ओठ तहानेनं फुटलेले, हातांतून रक्त आलेलं. हात पुढं करून म्हणाला, "हे बघ. खडीनं फुटले, पर घाण न्हाईत." मी घागर उचलली आणि पाणी आणायला गेलो.

अशा माणसाचा मुलगा मी, आणि मला नाद लागला कातड्याचा! माझं मलाच हसू यायचं, आणि भीतीही वाटायची. पण एक सांगतो, त्या खोलीत कातडं पुढ्यात घेऊन बसलं की वाटायचं, हे माझ्यावर कुणी लादलेलं नाही. मी उठून निघून गेलो तरी कुणी विचारणार नाही. आमच्या सात पिढ्यांत कातड्याला हौसेनं हात लावणारा मीच पहिला असेन.

हत्यारं विकत कुठली मिळणार? चार इंची खिळे घेतले आणि त्यांच्या टोप्या कानशीनं घासून ठसे केले. एकाला शिंपल्यासारख्या रेघा, एकाला टोकदार पान, एक नुसताच तिरपा सपाट. करवतीच्या पात्याचा तुकडा धार लावून सायकलच्या बेअरिंगमध्ये बसवला. बोटाच्या रेट्यानं फिरणारी सुरी झाली. खाली शहाबादी फरशीचा तुकडा, हातात लाकडी मोगरी. पहिले सहा महिने सगळे फुकट गेले. रेघ मारावी तर पुसून जायची, ठसा मारावा तर सकाळपर्यंत कातडं पुन्हा सपाट. मी स्वतःलाच शिव्या घालत होतो. शेवटी चामड्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांना ते भिकार फूल दाखवलं. ते म्हणाले, "ये चमडा ठप्पा नै पकडता भाई. बबूल की छाल में पका सो लेव." बाभळीच्या सालीत पकवलेलं घेतलं आणि त्याच दिवशी पहिली पाकळी उभी राहिली. एवढं एक वाक्य मला शिकवलं गेलं, त्याचं श्रेय चाचांचं.

बाकी सगळं चुकत चुकत. कातडं ओल्या फडक्यानं पुसायचं आणि वाट बघायची. ओलं असताना घाई केली की सुरी कातडं फाडत जाते, वाळल्यावर केलं तर रेघच उमटत नाही. मूळचा रंग परत यायला लागला की गालाला लावून पाहायचं. गार लागलं पण ओलं लागलं नाही, की वेळ झाली. मग सुरीनं आराखडा कापायचा आणि रेघेच्या एका बाजूला तिरप्या ठशानं कातडं दाबत जायचं. दबलेली बाजू खाली जाते आणि फूल आपोआप वर येतं. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात बढती मिळते म्हणून मी बदली मागून घेतली. लग्न होऊन बायको आली होती. कचेरीचं काय वर्णन करावं! दारावर पाटी रंगवून तयार, आत बसायला खुर्ची नाही. दोघांत एक टेबल. माझ्या टेबलाचा दुसरा अर्धा भाग अप्पांचा होता. अप्पा उदगीरकडच्या लिंगायत व्यापारी घरातले, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, कपाळाला भस्म, बोलणं तुपातलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या डब्यातली वांग्याची भाजी न विचारता उचलून खाल्ली. ही गोष्ट आजच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. मला ती रात्रभर पुरली. त्यानंतर बायकोनं कामाच्या दिवशी डब्यात कधी मटण-मासळी दिली नाही, अप्पांची पंचाईत व्हायला नको म्हणून.

बा मात्र गावी, आणि त्याला माझ्या नादाचा पत्ता नव्हता. तो यायचा तेव्हा हत्यारांचा डबा पलंगाखाली जायचा आणि बायको उदबत्त्या लावायची. एकदा बानं दारातच नाक उचललं. "कशाचा वास यायलाय रं?" मी म्हणालो, "नवी चप्पल आणली, बा." बायको आत जाऊन तोंडाला पदर लावून हसत बसली. मला हसू आलं नाही. बापाशी खोटं बोलायचं वय माझं कधीच सरलं होतं. मी ठरवलं होतं, एक दिवस असं काही करून दाखवीन की बानं ते हातात घ्यावं, आणि मग सगळं सांगीन.

म्हणून मी कागद ठेवायची एक कातड्याची फाईल करायला घेतली. पुस्तकातली गुलाबासारखी परदेशी फुलं मला नको होती. मी तरवडाचं फूल घेतलं. दुष्काळात आमच्या माळावर तेवढंच पिवळं दिसायचं. पाच पाकळ्या, मधे वाकडे केसर, खाली जोडीजोडीनं पानं. चार महिने लागले. ती फाईल मी आधी अप्पांना दाखवली, याचं आजही वाईट वाटतं. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली आणि "काय हात हाय रे तुजा!" म्हणाले. त्या वर्षीही पावसानं ओढ दिली होती, कचेरीचा माठ कोरडा होता, आम्ही आवारातल्या लिंबाखाली डबा खात होतो. पाण्यावरून विषय निघाला आणि मी अप्पांना बाची सगळी गोष्ट सांगितली. ढोरं, विहीर, खडी, फुटलेले ओठ, सगळं. हे मी तोवर बायको सोडून कुणाला सांगितलं नव्हतं. अप्पांचे डोळे भरून आले. ते अश्रू खोटे नव्हते, हे मी शपथेवर सांगतो, आणि म्हणूनच जास्त राग येतो.

काही महिन्यांनी नव्या जिल्ह्याच्या वाढदिवसाचं तीन दिवसांचं प्रदर्शन ठरलं. अप्पा मांडणीच्या समितीत होते. म्हणाले, "तुजी फाईल ठिवू की!" मी एकच अट घातली. "अप्पा, हौशी कारकून म्हणून ठेवा. घरचं काही नको."

"आरं, येडा हायस का? मी हाय न्हवं?" त्यांनी फॉर्म पुढं केला. "तू सही ठोक, रकाने मी भरतो."

कोऱ्या फॉर्मवर सही करू नये, हे मी खिडकीवर येणाऱ्यांना दिवसातून दहादा बजावत असे. तरी मी सही केली. माणसावर भरवसा ठेवायचा तर कागद कशाला वाचायचा, असलं काहीतरी माझ्या डोक्यात असावं.

पहिल्या दिवशी सकाळी कचेरीत अडकलो आणि मंडपात उशिरा पोचलो. मोठे साहेब नेमके माझ्या फाईलसमोर उभे. अप्पांनी मला हाताला धरून पुढं ढकललं. साहेब पाटी मोठ्यानं वाचत होते. तिच्यावर माझं नाव, त्याखाली "पारंपरिक कारागीर", त्याखाली आमच्या जुन्या जातीचं नाव, जे बानं दीक्षा घेताना मागं टाकलं होतं, आणि शेवटी "पिढीजात चामडेकाम".

पिढीजात! माझ्या आज्यानं, पणज्यानं मेलेली ढोरं ओढली. त्यांना कुणी फूल काढायला बसवलं होतं? नक्षी त्यांनी कधी जवळून पाहिली तरी असेल का?

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वा! शेवटी रक्तातच असतं हे."

"हो साहेब," मी म्हणालो.

लगेच म्हणालो. विचार करून नाही, अडखळत नाही. कचेरीत बारा वर्षं जे म्हणत आलो तेच म्हणालो. साहेब पुढं सरकले, गर्दी त्यांच्यामागं गेली, आणि मागं बा उभा होता. सकाळच्या एसटीनं आला होता. बायको घरी नव्हती, शेजारणीनं त्याला सरळ प्रदर्शनात पाठवून दिलं होतं. काखेत ज्वारीच्या पिठाची पिशवी तशीच होती.

"बा, तू कवा आलास?"

तो पाटीकडं वळला. प्रौढांच्या शाळेत अक्षरं शिकला होता, बोट लावून वाचायचा. त्यानं पाटीवर बोट ठेवलं आणि एकेक शब्द लावत गेला. जातीच्या नावावर बोट थांबलं, मग पुढं सरकलं. "कुनी लिवलं हे?"

मी पाटीकडं नीट पाहिलं. "ज" काढताना खाली लांब फरकाटा ओढायची अप्पांची सवय होती. तीन वर्षं मी ते अक्षर रोज समोरून वाचत होतो. लिंबाखाली विश्वासानं सांगितलेली गोष्ट त्यांनी रकान्यात भरली होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

अप्पा चहाचे पेले घेऊन धावत आले. "बा आले का! नमस्कार, नमस्कार. बघा, पोरानं घराण्याचं नाव काढलं." बानं चहा घेतला नाही. मी अप्पांना बाजूला ओढलं. ते मनापासून गोंधळले. "आरं, हौशी लोकाचा रकानाच न्हवता. पारंपरिक कारागिरांचा होता. तुज्या भल्यासाठीच केलं की. न्हाईतर फाईल घरीच पडली असती." प्रदर्शन संपल्यावर कचेरीत मी डबा लिंबाखाली न नेता आत टेबलावरच खाल्ला, आणि अप्पांना त्याचं कारण शेवटपर्यंत समजलं नाही.

बा घरी यायला तयार होईना. पिठाची पिशवी माझ्या हातात दिली आणि स्टँडकडं चालायला लागला. मी मागं मागं. न थांबता त्यानं विचारलं, "कुनी शिकिवलं तुला?"

"कुनी न्हाई. पुस्तकात बघून शिकलो. नांदेडला असताना."

"किती दिस लागले?"

"दोन वर्सं. फाईलीला आनखी चार म्हैने."

तो थांबला. मला वाटलं, आता चिडेल, नव्या चपलेची ती थाप काढील. मी ते सगळं ऐकायला तयार होतो. त्यानं माझा उजवा हात धरून उलटा केला. सुरीनं पडलेले घट्टे अंगठ्यानं चाचपले, खडीनं पडलेल्या स्वतःच्या घट्ट्यांसारखे.

"फूल चांगलं हाय," तो म्हणाला. "मग तू दोन वर्सं शिकलास, हे का न्हाई सांगितलंस त्या सायबाला?"

मुखेडची गाडी लागली होती. तो खिडकीशी बसला आणि गाडी सुटेपर्यंत पुढंच बघत राहिला. मी परत मंडपात गेलो. पाटी काढायला मला कुणाची परवानगी लागणार नव्हती, साध्या टाचणीनं लावली होती. मी ती काढली नाही. प्रदर्शन तीन दिवस चाललं, आणि तिन्ही दिवस मी त्या पाटीशेजारी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला फूल दाखवत होतो. दोन वर्षं शिकलो, हे तेव्हाही कुणाला सांगितलं नाही.