दिवसाढवळ्या कडी

आमच्या गल्लीत 'दार पुढं कर' म्हणजे नुसतं लोटून घे. येणारा ढकलून येतो. 'कडी घाल' हे फक्त रात्री निजताना म्हणायचं. घरात माणूस असताना दिवसा कडी घातली, तर त्याचा अर्थ एकच, तुम्ही आम्हाला नकोसे झालात. दोघं भाऊ भांडले की लोक म्हणतात, 'थोरल्यानं धाकट्याला कडी घातली.' मग बोलणंही बंद आणि भाजीची वाटी देणंघेणंही बंद. कोल्हापूरच्या पेठेत हे कुणी कुणाला शिकवत नाही. सुनेला सांगावं असं माझ्याही डोक्यात आलं नाही.

सून पुण्याची, फ्लॅटात वाढलेली. घरूनच कंपनीचं काम करते. मी इचलकरंजीला लेकीच्या बाळंतपणाला गेले आणि घर तिच्या हाती आलं. नवरा कामावर गेला की ही कडी घालून लॅपटॉप उघडायची.

मी परत आले तर समोरच्या मैत्रिणीच्या गोठ्यात रेडकू. म्हणजे म्हैस व्याली होती. तिच्या म्हशीचा चीक आमच्याकडं आला नाही असं कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, "काय गं, माझा खरवस कुठाय?"

तिनं मान वर केली नाही. "चीक घेऊनच आलतो की. तुमच्या दाराला कडी. भरल्या घरात, दिवसाढवळ्या. आमाला कळतंय."

जन्मभर अगंतुगं करणारी ही बाई, आज 'तुमच्या' म्हणाली. इतक्या वर्षांचं आमचं जाणंयेणं, आणि ते असं तुटायचं?

घरी येऊन सुनेला विचारलं. तिचे डोळे भरले. "आई, कुणीच आलं नाही. एकदाही बेल वाजली नाही. मला वाटलं, मी इथं कुणाला आवडलेच नाही."

आता काय बोलायचं, कपाळ! आमच्याकडं बेल कुरिअरवाला वाजवतो. मी सगळं समजावून सांगितलं. ती तशीच उठली आणि समोर गेली. तिला येताना बघून मैत्रिणीनं दार लावलं. कडीचा आवाज मला आमच्या उंबऱ्यावर ऐकू आला.

पोरगी हलली नाही. दाराशी तोंड नेऊन म्हणाली, "काकू, मी गल्लीतल्या कुत्र्यांच्या भीतीनं कडी घालत होते. तुम्हाला नव्हती घातली."

आतून आवाज आला, "मग इतक्या दिसांत एक हाक बी मारली न्हाईस ती?"

"मला वाटलं, मीच तुम्हाला नको आहे."

मग कडी निघाली. मैत्रीण पदरानं नाक पुसत उभी होती. "व्हय गं पोरी," ती म्हणाली, "मला बी तसंच वाटलं."

तिनं सुनेला हाताला धरून आत नेलं. थोड्या वेळानं आल्याच्या चहाचा वास आला, मागोमाग दोघींचं हसू. मला कुणी हाकसुद्धा मारली नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.